अडणं आणि अडवणूक : ॲमेझॉनवर विसंबलेल्या जगाविषयी



मागच्या व्याख्यानात आपण ‘गरज’ आणि ‘इच्छा’ यांच्यातला फरक पाहिला. आज तोच धागा धरून थोडं पुढे जाऊ. विषय रोजच्या जगण्यातला आहे. ॲमेझॉन नावाच्या एका कंपनीवर माणसं किती विसंबलेली आहेत, आणि या विसंबण्यात आक्षेप घेण्यासारखं नेमकं काय आहे, असा आपला प्रश्न आहे. ‘नेमकं’ या शब्दावर आमचा भर आहे. कारण या विषयावर राग पुष्कळ व्यक्त होतो, पण तो कशाचा आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

ॲमेझॉनचं नाव निघालं की दोन भाषणं हमखास ऐकू येतात. पहिलं असं : लोक आळशी झालेत, चार पावलं चालून दुकानात जायला नको, घरात नुसता खोक्यांचा ढीग. दुसरं असं : ग्राहकाला स्वस्त मिळतंय, घरपोच मिळतंय, कुणी जबरदस्ती केलेली नाही, मग तुमच्या पोटात का दुखतं? ही दोन्ही भाषणं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात खरी, पण दोन्हींचं गृहीतक एकच आहे. सगळा मामला एकट्या ग्राहकाच्या स्वभावाचा आणि निवडीचा आहे, असं दोन्हीही धरून चालतात. एक त्याला नावं ठेवतो, दुसरा त्याची पाठ थोपटतो. आमच्या मते हे गृहीतकच तपासायला हवं.

आधी आळशीपणाच्या आरोपाचा निकाल लावू. गुडघे दुखतात म्हणून तीन जिने उतरू न शकणारी आजी, चाकाच्या खुर्चीत बसलेला तरुण, तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकानच नाही म्हणून अडलेला वाचक, दुकानदाराच्या नजरा आणि चौकशा टाळून स्वतःला लागणारी वस्तू मागवू पाहणारी मुलगी, यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. यांच्यासाठी घरपोच खोकं ही मोकळीक आहे. तत्त्वज्ञानाच्या नावाखाली दुसऱ्याच्या सोयीवर तोंडसुख घेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती आपण बाजूला ठेवू या.

आता थोडी शब्दांची साफसफाई. वापरणं, विसंबणं आणि अडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छत्री आपण वापरतो. शेजाऱ्यावर विसंबतो, घराची किल्ली त्याच्याकडे ठेवतो. आणि एखाद्यावाचून आपलं अडतं, म्हणजे तो नसेल तर पुढचं पाऊलच पडत नाही. ‘अडला हरी’ या म्हणीचा उत्तरार्ध तुम्हाला ठाऊकच आहे. अडणं हे काही पाप नव्हे, प्रत्येक माणसाचं कुठे ना कुठे अडतंच. पण ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याला अडवणूक करण्याची ताकद मिळते. ती तो वापरेल की नाही हा पुढचा प्रश्न. ताकद मात्र त्याच्या हाती आलेली असते. आजचं आमचं सगळं म्हणणं या दोन शब्दांभोवती आहे, अडणं आणि अडवणूक.

वापरण्यापासून अडण्यापर्यंतचा प्रवास कसा झाला? जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये कंपनी काढली आणि १९९५ च्या जुलैत संकेतस्थळ सुरू झालं. सुरुवात पुस्तकांपासून केली, कारण पुस्तक कुठूनही घेतलं तरी तेच असतं, आणि एकाही दुकानात मावणार नाहीत इतकी पुस्तकं जगात आहेत. इथवर सगळा मामला वापराचा होता. पुढे एका टिचकीत खरेदी करण्याच्या पद्धतीवर कंपनीने पेटंट घेतलं. ते १९९९ मध्ये मिळालं आणि २०१७ पर्यंत टिकलं. खरेदी आणि विचार यांच्यामध्ये जो क्षणभराचा थांबा असतो, तो काढून टाकण्याच्या पद्धतीवर मालकी मिळू शकते, हे आपण तेव्हा शिकलो.

मग २००५ च्या फेब्रुवारीत ‘प्राइम’ आलं. वर्षाला ७९ डॉलर भरा आणि दोन दिवसांत वस्तू घरी, वेगळा पोचवणावळ खर्च नाही. यातली गंमत लक्षात घ्या. वर्गणी एकदा भरली की इतर कुठल्याही दुकानातून घेतलेली वस्तू मनात महाग वाटायला लागते, कारण पोचवण्याचे पैसे तर आपण इथे आधीच भरलेत. खाणावळीत महिन्याचे पैसे भरलेला माणूस बाहेर जेवायला कचरतो, तसंच हे. २०२२ मध्ये अमेरिकेत ही वर्गणी १३९ डॉलर झाली. २०२१ मध्ये जगभरातल्या सदस्यांचा आकडा २० कोटींच्या वर गेल्याचं कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं.

आणि बाहेर पडायचं झालं तर? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या जूनमध्ये याच मुद्द्यावर दावा लावला. लोकांना नकळत प्राइममध्ये ओढलं जातं आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबलचक ठेवली आहे, असा आरोप होता. सदस्यत्व रद्द करण्याच्या या प्रक्रियेला कंपनीच्या आत ‘इलियड’ म्हणत, असं दाव्याच्या कागदपत्रांत आहे. होमरचं महाकाव्य! नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने दोषाची कबुली न देता अडीच अब्ज डॉलरवर हे प्रकरण मिटवलं.

पण मित्रहो, ग्राहक हा या गोष्टीतला सगळ्यात कमी अडलेला माणूस आहे. खरा अडलेला आहे तो विक्रेता. ॲमेझॉनवर जितक्या वस्तू विकल्या जातात, त्यातल्या सुमारे साठ टक्के बाहेरचे स्वतंत्र विक्रेते विकतात. आपल्याला वाटतं आपण ॲमेझॉनकडून घेतलं, प्रत्यक्षात ते कुणा छोट्या उत्पादकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून आलेलं असतं. अमेरिकेतल्या ऑनलाइन विक्रीतला या कंपनीचा वाटा ढोबळमानाने चाळीस टक्के धरला जातो. म्हणजे विक्रेत्याने इथे दुकान मांडलं नाही, तर ऑनलाइन गिऱ्हाइकांच्या सर्वांत मोठ्या गर्दीला तो दिसतच नाही.

आता या बाजारपेठेची रचना पाहा. बाजाराची जागा ॲमेझॉनची. कुठला गाळा दर्शनी आणि कुठला मागच्या बोळात, हे ठरवणार ॲमेझॉन. गोदाम त्यांचं, टेम्पो त्यांचे, जाहिरातीचा फलक त्यांचा, आणि त्याच बाजारात त्यांचा स्वतःचाही गाळा आहे. बाजार समितीचा सभापती, आडत्या, हमाल आणि व्यापारी हे सगळे एकच असतील तर काय होईल, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांना बरोबर घेऊन आणखी एक मोठा दावा लावला, तो याच रचनेविरुद्ध. विक्रेत्याने आपली वस्तू दुसरीकडे स्वस्त विकली तर ॲमेझॉन त्याला शोधाच्या यादीत खाली ढकलतं, हा एक आरोप. ‘प्राइम’चा शिक्का हवा असेल तर आमचंच गोदाम आणि आमचीच वाहतूक घ्या, असा दबाव येतो, हा दुसरा. सगळे आकार आणि शुल्क मिळून विक्रेत्याच्या दर डॉलरमधला जवळपास निम्मा भाग कंपनीकडे जातो, हा तिसरा. हे आरोप आहेत, निकाल नव्हे, आणि कंपनीने ते नाकारलेले आहेत. पण पहिल्या आरोपातलं तर्कशास्त्र समजून घ्या. तो खरा असेल, तर ज्याने आयुष्यात कधी ॲमेझॉनवरून काही घेतलं नाही, त्यालाही ॲमेझॉनच्या बाजाराचा खर्च भरावा लागतो. कारण विक्रेता शिक्षेच्या भीतीने दुसरीकडचा भाव खाली आणत नाही. ‘मी वापरत नाही, मग माझा काय संबंध’ या वाक्याला तिथे अर्थ उरत नाही.

प्रकाशकांचं उदाहरण तर जुनं आहे. २०१४ मध्ये हॅशेट या प्रकाशनसंस्थेशी ई-पुस्तकांच्या अटींवरून वाद झाला, तेव्हा तिच्या पुस्तकांची पोच लांबली आणि अनेक पुस्तकांची आगाऊ मागणी नोंदवण्याची सोय काढून घेतली गेली. नऊशेहून अधिक लेखकांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. पुस्तकांवर बंदी नव्हती, जाळपोळ नव्हती. पुस्तक नुसतं उशिरा येत होतं. अडवणूक अशीच असते, ती आरडाओरडा करत नाही.

त्याही आधीचा प्रसंग २००९ चा. किंडलवर विकल्या गेलेल्या काही ई-पुस्तकांच्या प्रती कंपनीने लोकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या, कारण ज्याने त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर बेझोस यांनी माफीही मागितली. ती पुस्तकं होती जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. योगायोगावर आम्ही काही बोलत नाही. मुद्दा एवढाच की घरातल्या कपाटातलं पुस्तक दुकानदाराला रात्री येऊन नेता येत नाही, आणि या कपाटातलं नेता आलं.

चौथा थर डोळ्यांना दिसतच नाही. ॲमेझॉनचा मोठा नफा येतो तो संगणकसेवा भाड्याने देण्याच्या धंद्यातून. २००६ पासून हा धंदा वाढत गेला. अमेरिकेच्या सीआयएनेही २०१३ मध्ये या कंपनीशी करार केला. २० ऑक्टोबर २०२५ ला व्हर्जिनियातल्या त्यांच्या केंद्रांत बिघाड झाला, तेव्हा पैसे पाठवण्याची ॲप, खेळ, दारावरचे कॅमेरे, ब्रिटनमधल्या काही बँकांच्या सेवा, सगळं तासन्‌तास कोलमडलं. त्यांपैकी बऱ्याच लोकांना आपण ॲमेझॉनवर विसंबलो आहोत याची कल्पनाही नसेल. कामगारांचा विषय आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. गोदामांतला कामाचा वेग आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर उभी राहिलेली संघटना, यावर स्वतंत्र व्याख्यान हवं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. रूसोने ‘एमिल’ या १७६२ च्या ग्रंथात परावलंबनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक वस्तूंवरचं, म्हणजे निसर्गावरचं, आणि दुसरं माणसांवरचं. पाऊस आला नाही तर आपण हवालदिल होतो, पण अपमानित होत नाही. पावसाच्या मनात आपल्याविषयी काही नसतं. दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर जगणं मात्र वेगळं. तिथे मन राखावं लागतं, तोंड पाहून बोलावं लागतं, आणि दोन्ही बाजू बिघडतात. रूसोचं म्हणणं असं की स्वातंत्र्य पहिल्या प्रकाराने जात नाही, दुसऱ्याने जातं.

या भेदावर ॲमेझॉन ठेवून पाहा. सगळी गडबड इथेच आहे. ॲमेझॉन आपल्याला निसर्गासारखं दिसतं. पडद्यावर बटण आहे, यादी आहे, खोकं आहे. समोर माणूस नाही, मन राखायला कुणी नाही. म्हणूनच तर ते मोकळं वाटतं. वस्तू यादीत विसाव्या पानावर गेली तर विक्रेता म्हणतो, ‘अल्गोरिदम बदललं’, अगदी ‘वारं फिरलं’ म्हणावं तसं. पण वारं कुणी फिरवत नाही, यादी कुणीतरी ठरवतं. कुठल्या तरी बैठकीत, कुणाच्या तरी नफ्याचा हिशेब मांडून तो निर्णय झालेला असतो. म्हणजे हे अवलंबन माणसांवरचंच आहे, फक्त वस्तूवरच्या अवलंबनाचे कपडे घालून आलंय. माणसावर रागावता येतं, भांडता येतं, पंचांकडे जाता येतं. वाऱ्यावर कोण रागावणार? विक्रेत्याची लाचारी आणि ग्राहकाची बेफिकिरी, दोन्हींचं मूळ या वेषांतरात आहे, असं आम्हाला वाटतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे. तो असा : कंपनी तर ग्राहकाशी उत्तम वागते. वस्तू नावडली तर परत घेते, पैसे लगेच देते. गल्लीतला दुकानदार ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून बसतो. मग अडवणुकीची भीती कशाला? याचं उत्तर फिलिप पेटिट या आयरिश तत्त्वज्ञाच्या विवेचनात मिळतं. त्याचं ‘रिपब्लिकनिझम’ हे पुस्तक १९९७ चं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : मालक भला असला, कधी हात उगारत नसला, तरी गुलाम स्वतंत्र होत नाही. कारण मालकाचा भलेपणा ही मालकाची मर्जी आहे, गुलामाचा हक्क नव्हे. वस्तू परत घेण्याचंच पाहा ना. फार वेळा वस्तू परत केल्या म्हणून काही ग्राहकांची खाती पूर्वसूचना न देता बंद झाल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत आल्या होत्या. सवलत होती तोवर होती. दाद कुठे मागायची, याचं उत्तर त्या सवलतीत नव्हतं.

करोनाच्या काळातला फरक तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे. २०२० च्या मार्चमध्ये कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या गोदामांत अत्यावश्यक नसलेला बाहेरच्या विक्रेत्यांचा माल काही आठवडे घेणं थांबवलं. त्याच सुमाराला भारतात टाळेबंदी लागली, आणि ऑनलाइन विक्रीतून फक्त जीवनावश्यक वस्तू द्यायच्या असा आदेश सरकारने काढला. दोन्हीकडे लोकांची अडचण झाली. पण इथे ‘आवश्यक काय’ हे ठरवणाऱ्याला आपण निवडणुकीत जाब विचारू शकतो, त्याला न्यायालयात खेचू शकतो. तिथे हाच प्रश्न एका कंपनीने आपल्या सोयीने सोडवला. तिचा निर्णय कदाचित शहाणपणाचाही असेल. पण तो घेण्याचा अधिकार तिला कुणी दिला, हा प्रश्न शहाणपणाने सुटत नाही.

आता आपल्या घरी येऊ. भारतात ॲमेझॉन २०१३ च्या जूनमध्ये आलं. इथे ते एकटं नाही. फ्लिपकार्ट आहे, ज्याचे ७७ टक्के २०१८ मध्ये वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरला घेतले. शहरांत तर दहा मिनिटांत भाजी पोचवणाऱ्या कंपन्यांनी चित्र आणखी बदललंय. तेव्हा अमेरिकेतलं वर्णन जसंच्या तसं इथे लावणं चुकीचं ठरेल. पण एक प्रसंग आठवा. २०२० च्या अखेरीला ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठी हवी म्हणून मनसेने आंदोलन केलं, त्यात मुंबई-पुण्यात तोडफोडही झाली. तोडफोडीचं समर्थन होऊ शकत नाही. २०२१ मध्ये ॲपवर मराठी आली. आम्हाला यात वेगळंच काही दिसतं. आपल्या भाषेत व्यवहार करा, ही मागणी आपण सहसा कुणाकडे करतो? न्यायालयाकडे, बँकेकडे, रेल्वेकडे. म्हणजे जिथे गेल्यावाचून चालत नाही, अशा ठिकाणांकडे. हे दुकान सार्वजनिक संस्था झालं आहे, असं आपण त्या मागणीतून नकळत जाहीर केलं. मग सार्वजनिक संस्थेला विचारायचे बाकीचे प्रश्न का विचारले नाहीत? भाव कसा ठरतो, यादी कशी लागते, दाद कुठे मागायची? आपण फक्त ती आपल्याशी मराठीत बोलावी एवढंच मागितलं.

काही जण म्हणतील, जुना वाणी बरा होता. आम्ही या सुरात सूर मिळवणार नाही. वाण्याच्या वहीत उधारी मिळत होती हे खरं, पण ती वही आपल्याला वाचता येत नव्हती हेही खरं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हिसकावून घेऊन त्यांनी ते जाळले. बियाणं, कापड आणि कर्ज यांसाठी ज्या एका सावकारावाचून त्यांचं अडत होतं, त्याची ताकद त्या कागदांत साठलेली होती. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याने सगळं दुःख गेलं असं नाही. पण पैसे दिल्याची पावती आणि आपल्या खात्याचा हिशेब मागण्याचा हक्क कुळाला त्या कायद्याने दिला. सावकाराची जरूर संपली नाही, त्याची मर्जी मात्र थोडी बांधली गेली. रूसोचा उपायही याच वाटेचा आहे. माणसाच्या मर्जीच्या जागी कायदा आणा, म्हणजे माणसावरचं अवलंबन सुसह्य होईल.

मग करायचं काय? ‘बहिष्कार घाला’ हे उत्तर सोपं आहे आणि तोकडंही. एकट्याने खरेदी थांबवल्याने ना यादीचा नियम बदलतो, ना विक्रेत्याची सुटका होते. आणि त्या गुडघेदुखीच्या आजीला आपण स्वदेशीचं व्याख्यान देऊन तीन जिने उतरवणार आहोत का? तेव्हा आमच्या मते मागणी दोन गोष्टींची हवी.

पहिली, हिशेबाची. बाजार चालवणाऱ्याने त्याच बाजारात गाळा लावावा का, विक्रेत्याला खाली ढकललं तर त्याला कारण सांगावं लागेल का, ग्राहकाचं खातं बंद करताना त्याचं म्हणणं ऐकावं लागेल का, हे नियमाने ठरलं पाहिजे. भारतात परकी मालकीच्या कंपनीने स्वतःचा माल न विकता फक्त बाजार चालवावा, असा नियम आहे, २०१९ पासून तो कडकही झाला. कागदावर आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणं नागरिकांचं काम आहे, निव्वळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचं नव्हे.

दुसरी, पर्याय जिवंत ठेवण्याची. आपल्याकडे याची परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र देतात, माल घाऊक येतो आणि सदस्य तो आपसात वाटून घेतात. यात कष्ट आहेत, रविवार जातो, कुणाचं तरी तांदळावरून वाजतंही. पण इथे भाव कसा ठरला हे विचारता येतं, आणि विचारणारा व उत्तर देणारा एकाच जिन्यात राहतात. सगळी खरेदी अशी होणार नाही, व्हायचं कारणही नाही. पर्याय जिवंत असला की मोठ्या दुकानाचा वापर हा वापरच राहतो. पर्याय मेला की त्याच वापराचं अडणं होतं. टिचकी तीच, खोकंही तेच, पण आपली जागा बदललेली असते.

आपलं अडतं याची लाज बाळगण्याचं कारण नाही. ज्याच्यावाचून अडतं त्याला प्रश्न विचारण्याची सोय आहे की नाही, एवढं मात्र प्रत्येकाने पाहावं. तुमच्यापैकी कुणी या बाजारात माल विकत असतील, तर त्यांनी आता प्रश्नोत्तरांत आधी बोलावं. आम्ही पुस्तकांतून सांगितलं, त्यांना ते हिशेबाच्या वहीतून माहीत आहे.